कंपनीच्या फंडातून आयुष्यभराची पेन्शन कशी उभी करायची? सगळं ॲन्युइटीत टाकू का?

उंबरठ्यावर५८

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय ५८, अजून चौदा महिन्यांनी रिटायर होतोय. एकाच कंपनीत ३१ वर्षं काढली, दर महिन्याला पगारातून कापलं गेलं आणि कंपनीने घातलं ते सगळं रिटायरमेंट खात्यात आहे. आकडा इथे देत नाही पण हिशोबाला सोपं जावं म्हणून सांगतो, आमच्या आत्ताच्या वर्षाच्या खर्चाच्या २१ पट एवढे पैसे आहेत. सरकारी पेन्शन मिळेल ती खर्चाच्या पाचव्या हिश्शाएवढी, तीही ६५ नंतर. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलगी आपल्या पायावर उभी आहे.

मागच्या आठवड्यात एचआरने फॉर्म दिला. त्यात तीन चौकोन आहेत. सगळे पैसे एकरकमी घ्या, सगळे पैसे इन्शुरन्स कंपनीला देऊन त्याची आयुष्यभराची पेन्शन म्हणजे ॲन्युइटी घ्या, नाहीतर थोडं हे थोडं ते आणि पुढे टक्के लिहायला रिकामी जागा. खाली ठळक अक्षरात लिहिलंय की एकदा निवडलेला पर्याय बदलता येणार नाही. तो फॉर्म आठ दिवस जेवणाच्या टेबलावर पडलाय, जेवायला बसताना बाजूला सरकवतो आणि उठताना परत मधे ओढतो.

बायको ५४ वर्षांची, तिची स्वतःची पेन्शन नाही. सासूबाई ९१ च्या, अजून स्वतःचं स्वतः करतात, म्हणजे बायकोच्या घराण्यात आयुष्य मोठं आहे हे धरूनच चाललं पाहिजे. मला शुगर आणि बीपी दोन्ही आहे. भीती दोन बाजूंनी आहे बघा. पैसे हातात ठेवले आणि आम्ही जिवंत असताना संपले तर काय, आणि सगळे इन्शुरन्स कंपनीला देऊन टाकले आणि मी दोन वर्षांत गेलो तर ३१ वर्षांची कमाई गेली का? आयुष्यभर दर एक तारखेला पगार आलाय, तसं काहीतरी हवंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. टॅक्स प्रत्येक ठिकाणी वेगळा, तो मी माझ्या सीएला विचारेन.

आकडेवाला

काका, मी काही वर्षं एका इन्शुरन्स कंपनीत ॲन्युइटीचे दर काढायच्या कामात होतो. आधी ॲन्युइटी आतून कशी चालते ते सांगतो कारण ते कळलं की अर्धी भीती जाते आणि उरलेली अर्धी योग्य जागी लागते.

समजा ८० वर्षांचे १०० जण आहेत आणि प्रत्येकाने १०० घातले. जमले १०,०००. वर्षभरात ४ टक्के व्याज मिळून १०,४०० झाले. त्या वर्षात पाच जण गेले. त्यांचा वाटा उरलेल्या ९५ जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला १०९ च्या वर येतात, म्हणजे व्याज मिळालं ४ टक्के पण जगणाऱ्याला परतावा पडला साडेनऊच्या आसपास. हे जास्तीचे पैसे शेअर मार्केटमधून येत नाहीत आणि एफडीतून पण येत नाहीत, ते फक्त गटात राहिल्याने येतात. एकटा माणूस कितीही हुशारीने पैसे सांभाळो, हा भाग त्याला मिळत नाही, कारण त्याला आपण ९५ पर्यंत जगू असं धरून काटकसर करावी लागते आणि गटाला फक्त सरासरी आयुष्य धरून चालतं.

आता हाच हिशोब ६० व्या वर्षी करा. शंभरातला समजा एकच गेला. १०,४०० भागिले ९९, म्हणजे १०५. व्याजापेक्षा जेमतेम एक टक्का जास्त. म्हणून मी म्हणेन की ५९ व्या वर्षी सगळीच्या सगळी रक्कम ॲन्युइटीत टाकायची घाई नको. वय वाढेल तसा गटाचा फायदा वाढतो. टप्प्याटप्प्याने घेता येते, थोडी आत्ता, थोडी ६५ ला, थोडी ७० ला. त्यात अजून एक गोष्ट साधते, ॲन्युइटीचा दर त्या दिवशीच्या लांब मुदतीच्या व्याजदरावर ठरतो आणि तो जन्मभरासाठी पक्का होतो, सगळं एकाच दिवशी घेतलं आणि नेमके तेव्हा व्याजदर पडलेले असले तर ते आयुष्यभर भोगावं लागतं.

सायंकाळ७४

अहो उंबरठ्यावर, मी तुमच्या जागी होतो चौदा वर्षांपूर्वी. वय ६० होतं. फॉर्मवर सगळं ॲन्युइटी टिक केलं आणि त्यातही सरळ पेन्शन घेतली, म्हणजे रक्कम कायम तेवढीच. दरवर्षी वाढणारी पण होती पण तिचा पहिला हप्ता इतका कमी दिसला की मी म्हटलं हे कशाला, आत्ता जास्त मिळतंय ते घ्यावं. एजंटनेही तेच सुचवलं, पुढे किती कमी पडेल ते काही बोलला नाही.

माझ्याकडे एक वही आहे, पहिल्या महिन्यापासून लिहितो. डाव्या पानावर आलेली पेन्शन, उजव्या पानावर खर्च. डावं पान १४ वर्षं एकसारखं आहे, तोच आकडा, खाली खाली तोच आकडा. उजवं पान बघवत नाही. पहिल्या वर्षी पेन्शनीत महिना भागून थोडं शिल्लक पडायचं, दुसऱ्या तिसऱ्या वर्षी बरोबरीत आलं, आता महिन्याचा साधारण निम्मा खर्च निघतो, बाकीचं मुलाकडून घ्यावं लागतं. मुलगा चांगला आहे, एक शब्द बोलत नाही. पण दर महिन्याला त्याला फोन करायचा दिवस आला की घास घशाखाली उतरत नाही.

त्यामुळे हात जोडून सांगतो, पहिला हप्ता बघून भुलू नका. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते, ३ टक्के धरली तरी २४ वर्षांत निम्मी, आणि तुमच्या मिसेस ५४ च्या आहेत, त्यांना ३५-४० वर्षं काढायची आहेत. वाढणारी घ्या. महागाईशी जोडलेली मिळत असेल तर ती, नाहीतर दरवर्षी ३ टक्के वाढणारी तरी.

फंडातूनच

थोडं वेगळं मत मांडतो. मी ॲन्युइटी घेतलीच नाही. सात वर्षं झाली रिटायर होऊन, पैसे फंडातच, निम्मे इक्विटी निम्मे बॉंड, आणि दरवर्षी त्यातून काढतो. अमेरिकेतले फायनान्शियल प्लॅनर विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये जुने आकडे तपासून मांडलं होतं की पहिल्या वर्षी फंडाच्या ४ टक्के काढा आणि पुढे दरवर्षी तीच रक्कम महागाईइतकी वाढवत न्या, तर पैसे ३० वर्षं टिकतात. तुमचा हिशोब बघा, २१ पट फंड आहे म्हणजे सगळा खर्च फंडातून काढला तर ४.७६ टक्के पडतात, जरा जास्त आहे, पण ६५ ला सरकारी पेन्शन सुरू झाली की फंडातून ८० टक्केच खर्च काढायचा, म्हणजे ३.८ वर येतं. जमण्यासारखं आहे. शिवाय पैसे आपल्या नावावर राहतात, मोठं आजारपण आलं तर हाताशी असतात, आणि मागे उरले तर मुलीला जातात. एकदा ॲन्युइटीत दिलेले पैसे परत मागता येत नाहीत हे विसरू नका.

आकडेवाला

@फंडातूनच, तुमचं खोटं नाही, पण बेंगन यांचा अभ्यास अमेरिकेच्या मार्केटच्या इतिहासावर होता आणि ३० वर्षं धरून होता. काकूंना ३० पेक्षा जास्त लागू शकतात. आणि त्या ४ टक्क्यांचा आकडा आला कुठून, तर सगळ्यात वाईट वेळी रिटायर झालेल्यांवरून, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जे रिटायर झाले त्यांच्यावरून. रिटायर झाले आणि पहिल्या काही वर्षांतच १९७३-७४ चं मार्केट कोसळणं आणि पाठोपाठ जबरदस्त महागाई त्यांच्या वाट्याला आली.

सुरुवातीची वर्षं किती महत्त्वाची आहेत ते कागदावर करून बघा. १०० चा फंड, दर वर्षाच्या सुरुवातीला ५ काढायचे. पाच वर्षांचे परतावे असे धरा, पहिल्या वर्षी २० टक्के घट, दुसऱ्या वर्षी १० टक्के घट, मग तीन वर्षं दरसाल १५ टक्के वाढ. पाच वर्षांनी उरतात ७७. आता तेच परतावे उलट्या क्रमाने घ्या, आधी तीन चांगली वर्षं मग दोन वाईट. उरतात साडेसत्याऐंशी. मधे काहीच काढलं नसतं तर दोन्हीकडे अगदी सारखेच झाले असते. म्हणजे सरासरी परतावा तोच असूनही नुसता क्रम वाईट लागला म्हणून दहाचा फरक, आणि हा फरक पुढे वाढत जातो. पगार चालू असताना मार्केट पडलं तर आपण स्वस्तात घेत असतो, रिटायर झाल्यावर पडलं तर स्वस्तात विकत असतो. तुमची सात वर्षं नीट गेली हे चांगलंच आहे, पण सगळ्यांची तशी जातील असं धरून काकांनी फॉर्म भरू नये.

मनमोकळी

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय.

माझे बाबा पण फंडातूनच काढायचे. आकड्यांत पक्के माणूस, बॅंकेचं पासबुक आणि फंडाचं स्टेटमेंट पेन्सिलीने ताडून बघायचे, एक पैसा इकडचा तिकडे नाही. ८१ व्या वर्षी त्यांना विसरायला व्हायला लागलं. आम्हाला लगेच कळलंच नाही, कारण बोलण्यात ते ठीक होते. एकदा आईचं औषध शोधताना त्यांच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला तर आत फंडाची पाकिटं, बंद, न फोडलेली, दीड वर्षाची. एका पाकिटावर त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं ‘उद्या बघणे’. तेच दुसऱ्यावर. तेच तिसऱ्यावर. त्या दीड वर्षात एका महिन्यात दोनदा पैसे काढले होते आणि मग चार महिने काहीच नाही, आई त्या चार महिन्यांत बाजूला ठेवलेल्या पैशांवर घर चालवत होती आणि त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्हाला बोलली नाही.

पैसे होते हो. कमी नव्हते. पण दर वर्षी किती काढायचे, कुठल्या फंडातून, काय विकायचं हे ठरवायला एक जागतं डोकं लागतं आणि ते ८५ व्या वर्षी असेलच असं नाही. तुमच्या घरात हा व्यवहार कोण बघतं? तुम्ही एकटेच बघत असाल तर तुमच्यामागे काकूंना हे सगळं उचलायला लागेल. दर एक तारखेला न मागता खात्यात येणाऱ्या पैशाची किंमत मला त्या ड्रॉवरसमोर बसून कळली. काका, निदान रोजचं घर चालेल एवढं तरी आपोआप येईल असं करा.

उंबरठ्यावर५८

मनमोकळी ताई, तुमचं दोनदा वाचलं. आमच्याकडे सगळं मीच बघतो. बायकोला फंडाचा पासवर्डही माहीत नाही. काल रात्री तिला शेजारी बसवून तुमची पोस्ट वाचून दाखवली, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली मला सगळं लिहून द्या.

आकडेवाले, तुमच्या उदाहरणाने डोक्यात बराच उजेड पडला. आता तीन शंका. एक, मी गेल्यावर बायकोला पेन्शन चालू राहणारी घेऊ की मुद्दल परत देणारी? दोन, इन्शुरन्स कंपनीच बुडाली तर? तीन, शुगर बीपीचं त्यांना सांगायचं का लपवायचं? ऑफिसातले म्हणतात सांगितलं तर दर वाईट मिळेल.

आकडेवाला

तिसरं आधी. लपवू तर अजिबात नका, उलट ठासून सांगा. आयुर्विम्यात आजार असला की हप्ता महाग होतो, ॲन्युइटीत बरोबर उलटं असतं, कारण कंपनी धरते की हा माणूस कमी वर्षं पेन्शन घेईल. ब्रिटनमध्ये तर आजार असणाऱ्यांना जास्त पेन्शन देणारी वेगळी ॲन्युइटी सर्रास मिळते. सगळीकडे मिळेलच असं नाही पण विचारायला काय जातं.

वय आणि तब्येत बघून किंमत लावायची ही गोष्ट फार जुनी आहे. धूमकेतूवाले एडमंड हॅली, त्यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कुठल्या वयाला ॲन्युइटीची किंमत किती असावी ते काढून दाखवलं होतं. तरी त्यानंतर ८० वर्षांनी सुद्धा फ्रान्सचं सरकार वय न बघता एकाच दराने ॲन्युइटी विकत होतं. जिनिव्हाच्या बॅंकर्सनी ते हेरलं, चांगल्या घरातल्या, देवी येऊन वाचलेल्या धडधाकट लहान मुली निवडल्या आणि त्यांच्या आयुष्यावर ॲन्युइटी घेतल्या, म्हणजे ती मुलगी जगेल तोवर सरकारने हप्ता द्यायचा. सरकारला ते भयंकर महागात पडलं. तेव्हापासून दर लावणारे शहाणे झाले, आता प्रत्येक वर्षाचा हिशोब होतो, म्हणून तुमच्या बाजूने जे जे जातं ते त्यांच्या कानावर घालायचं काम तुमचं.

आता पहिलं. मुद्दल परत देणारी ऐकायला गोड लागते पण त्यात तुम्ही मघाचा गटाचा फायदा जवळजवळ सोडून देता. मुद्दल परत द्यायचंच आहे म्हटल्यावर कंपनी तुम्हाला मुख्यतः व्याजच देते, पेन्शन बरीच कमी बसते. तुमची मुलगी तुमच्या पैशावर अवलंबून नाही. मागे उरणारी माणसं म्हणजे काकू. मग जॉइंट लाईफ घ्या, दोघांपैकी एक जण असेपर्यंत चालू राहणारी. दोघांचं आयुष्य एकत्र धरलं की किती लांबतं बघा, समजा प्रत्येकाची ९० गाठायची शक्यता १०० त ३० आहे, तर दोघांपैकी एक तरी गाठेल ही शक्यता १०० त ५१ होते. आणि काकू ५४ च्या असल्याने हप्ता तुमच्या एकट्याच्यापेक्षा कमी येईल, त्याने दचकू नका. दोन वर्षांत मी गेलो तर काय ही जी भीती आहे तिचं उत्तर हेच आहे, पैसे काकूंकडे येत राहतात.

दुसरं. कंपन्या क्वचित बुडतात पण बुडतात. कॅलिफोर्नियातली एक्झिक्युटिव्ह लाईफ १९९१ मध्ये सरकारी नियामकाने ताब्यात घेतली, तिच्याकडे ॲन्युइटी असलेल्या बऱ्याच लोकांना हप्त्यात नुकसान सोसावं लागलं. म्हणून दोन कंपन्यांत विभागून घ्या आणि तुमच्याकडे पॉलिसीधारकांना हमी देणारी योजना आहे का, किती रकमेपर्यंत आहे, ते लेखी बघून घ्या. कोट, म्हणजे एवढ्या रकमेवर किती पेन्शन देणार तो कंपनीचा आकडा, मात्र एकाच दिवशी चार पाच ठिकाणचे मागवा आणि सगळ्यांना अगदी तीच अट द्या, तेवढीच रक्कम, तेवढीच वाढ, जॉइंट लाईफ. अटी वेगळ्या दिल्या की तुलनाच होत नाही.

फंडातूनच

मनमोकळींची पोस्ट वाचून मीही काल बायकोसाठी कागद करायला घेतला. माझं म्हणणं मी थोडं बदलतो. रोजच्या खर्चाचा पाया ॲन्युइटीचा असावा हे पटतंय. पण आजारपणासाठी आणि इतर खर्चासाठी फंड हातात राहू द्याच, सगळं कोंडून ठेवू नका.

उंबरठ्यावर५८

आठ दिवसांनी लिहितोय, कोट आले. आधी दोघांनी बसून सहा महिन्यांचा खर्च काढला आणि प्रत्येक ओळीपुढे बायकोने खूण केली, टळणारा की न टळणारा. वर्षाचा खर्च १०० धरला तर न टळणारा ६० निघाला. मला वाटलं होतं ७५ तरी असेल.

६५ नंतर सरकारी पेन्शन २० देणार, म्हणजे पायासाठी ४० हवेत. चार कंपन्यांकडून दरवर्षी ३ टक्के वाढणारी, जॉइंट लाईफ, अशी सारखी अट टाकून कोट घेतले, शुगर बीपीचे रिपोर्ट लावले. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट कोटमध्ये इतका फरक होता की मी परत एकदा आकडा तपासला. चांगल्या दोन धरल्या तर ४० साठी फंडाचा निम्म्याहून थोडा कमी भाग लागतो. मधली सहा वर्षं, सरकारी पेन्शन सुरू व्हायच्या आधीची, त्यासाठी वर्षाला २० प्रमाणे वेगळे काढून एफडीसारख्या सुरक्षित जागी ठेवणार. बाकीचं फंडात राहील आणि टळणारा खर्च त्यातून, एखादं वर्ष मार्केट पडलं तर त्या वर्षी तो खर्च आम्ही कमी करू शकतो, घर थांबणार नाही. सत्तरीत परत बघू, अजून थोडी ॲन्युइटी घ्यायची का ते.

एकरकमी आणि सगळी ॲन्युइटी हे दोन्ही चौकोन सोडले, तिसऱ्यात टक्के लिहायचे आहेत. फक्त एक अडलंय. माझ्यामागे बायकोला पूर्ण पेन्शन का दोन तृतीयांश, असं विचारलंय. दोन तृतीयांश घेतली तर आत्ताचा हप्ता जरा वाढतो. बायको म्हणते मला एकटीला एवढं कशाला लागेल.

सायंकाळ७४

पूर्ण घ्या. माझी मिसेस जाऊन तीन वर्षं झाली. वहीत बघून सांगतो, ती गेल्यावर किराणा कमी झाला, कपडेलत्ते, प्रवास कमी झाला. लाईट तेवढीच, घराचा टॅक्स तेवढाच, गळकं छत दुरुस्त करायला तेवढेच पैसे लागले, आणि स्वयंपाकाला बाई ठेवावी लागली तो खर्च आधी नव्हताच. एकंदर खर्च पाचव्या हिश्शानेसुद्धा उतरला नाही. वहिनींना हे पान वाचून दाखवा.